पोट कुठे गेलं?

‘मुलगी चार वर्षांची आहे. माणूस काढते, पण पोटच नसतं. डोक्यालाच पाय! चित्रकलेचा क्लास लावू का?’ असं एका वाचक आईने विचारलं आहे.

इतक्यात नको. डोक्यातून थेट पाय फुटलेल्या या माणसाला बालचित्रांचे अभ्यासक ‘बेडूकमासा’ म्हणतात. तीन-चार वर्षांची मुलं देशोदेशी तो काढतात. पोट कुठे असतं हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. विचारा, लगेच बोट ठेवून दाखवतील. मग कागदावरच ते कसं गळतं? ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ नॉर्मन फ्रीमन यांचं उत्तर मला फार आवडतं. वाण्याकडे पाठवलेल्या पोराला यादीतलं पहिलं आणि शेवटचं आठवतं, मधलं जिरं राहून जातं. वरून खाली माणूस काढतानाही तसंच होतं. फ्रीमन यांनी मुलांना डोकं आणि धड आधीच काढलेली चित्रं दिली आणि हात काढायला सांगितले. बेडूकमासे काढणाऱ्या मुलांचा कल दिसला तो असा: धड मोठं असेल तर हात धडाला, डोकं मोठं असेल तर बिनदिक्कत डोक्याला! आधी काय, मग काय, जागा कुठे उरली, ही सगळी जुळवाजुळव त्या इवल्या डोक्यात चालू असते. ‘नीट काढ’ म्हणत आपण हात धरून गिरवून घेतलं, की नेमकी तीच थांबते.

आता क्लासच्या जाहिरातींतलं ‘ब्रेन डेव्हलपमेंट’. एलेन विनर आणि लोइस हेटलंड यांनी जुने अभ्यास एकत्र तपासून २००० साली निष्कर्ष मांडले. चित्रकलेमुळे अभ्यासातले गुण वाढतात, असा ठोस पुरावा काही हाती लागला नाही.

बक्षिसांचं तर विचारूच नका. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली, स्केचपेन दिसले की धावणारी मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, ‘चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्रक मिळेल.’ सोनेरी तारा, लाल फीत, सगळा थाट. काहींना तेच पत्रक न सांगता, चित्र झाल्यावर दिलं. उरलेल्यांना काहीच नाही. आठवडा-दोन आठवड्यांनी तेच स्केचपेन पुन्हा टेबलावर ठेवले. आधी कबूल करून बक्षीस मिळालेली मुलं आता इतरांच्या जेमतेम निम्माच वेळ चित्रं काढत होती. अवचित बक्षीस मिळालेल्यांची हौस मात्र शाबूत होती.

तेव्हा बेडूकमासा खुशाल फ्रिजवर लावा. फक्त ‘पाच चित्रं काढलीस तर चॉकलेट’ एवढं म्हणू नका.