मुदतपूर्व निवृत्ती आणि बचतीचे गणित

'निवृत्ती' हा शब्द आपल्या भाषेत फार जुना आहे; 'सेवानिवृत्ती' हा मात्र तुलनेने अर्वाचीन. पहिल्या शब्दात मनाच्या अवस्थेचा निर्देश आहे, तर दुसऱ्यात कचेरीतील नोंदीचा. आश्रमव्यवस्थेत वानप्रस्थाचा काळ गृहस्थाने स्वतः ओळखावा अशी अपेक्षा होती. नोकरीच्या युगात तो काळ नियमाने ठरू लागला. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय १९६२ साली ५५ वरून ५८ झाले आणि १९९८ साली ते ६० वर आले. याचा अर्थ असा की, निवृत्तीचे वय ही निसर्गाने घालून दिलेली मर्यादा नव्हे. तो एक प्रशासकीय निर्णय आहे. तसे असेल, तर एखाद्या व्यक्तीने तो निर्णय स्वतःपुरता आधी घेतला तर काय होईल, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. अलीकडे पंचेचाळिशीत किंवा पन्नाशीत नोकरी सोडण्याचा विचार अनेक सुशिक्षित तरुण करताना दिसतात. या विचारामागे बचतीचे कोणते गणित असते आणि ते कोठे चुकण्याचा संभव असतो, याचे विवेचन करण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मुदतपूर्व निवृत्तीची कल्पना सर्वस्वी परकी आहे, असे मानण्याचे कारण नाही. गोपाळ कृष्ण गोखले हे १९०२ साली पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे ३६ वर्षांचे होते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणून दरमहा ७५ रुपये वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याचे बंधन त्यांनी स्वीकारलेले होते. त्यातून मोकळे झाल्यावर त्यांनी आपला सारा काळ सार्वजनिक कार्याला दिला. १९०५ साली त्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षी बनारसच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविले. गोखल्यांच्या उदाहरणावरून आपण बचतीचे तंत्र शिकू शकत नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात येते. ज्याच्या गरजा आखीव असतात त्याला आपला काळ लवकर मोकळा करता येतो. आजच्या सर्व आकडेमोडीचा गाभाही हाच आहे.

सामान्यतः अशी समजूत असते की, लवकर निवृत्त होणे हे केवळ मोठ्या मिळकतीच्या माणसाला शक्य आहे. वस्तुतः निवृत्तीचा काळ मिळकतीच्या आकड्यापेक्षा मिळकत आणि खर्च यांच्या परस्पर प्रमाणावर अधिक अवलंबून असतो. त्यासाठी प्रथम उद्दिष्ट कसे मोजावयाचे ते पाहू.

अमेरिकेतील आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या एका लेखात १९२६ पासूनच्या अमेरिकन शेअर व सरकारी रोख्यांच्या आकडेवारीचा अभ्यास मांडला. निवृत्तीच्या पहिल्या वर्षी पुंजीच्या सुमारे ४ टक्के रक्कम खर्चासाठी काढली आणि पुढे दरवर्षी महागाईच्या प्रमाणात ती वाढवीत नेली, तर पुंजी किमान तीस वर्षे पुरते, असा त्यांचा निष्कर्ष होता. चार टक्के म्हणजे पंचविसावा हिस्सा. म्हणून 'वार्षिक खर्चाच्या पंचवीसपट पुंजी' हे सूत्र लोकप्रिय झाले. परंतु हे सूत्र अमेरिकेच्या बाजारावर आणि तीस वर्षांच्या मुदतीवर आधारलेले आहे, हे पुष्कळदा विसरले जाते. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्या माणसाला चाळीस वर्षांहून अधिक काळ पुंजीवर काढावा लागण्याचा संभव असतो. म्हणून आपल्याकडे तीन टक्क्यांचे, म्हणजे वार्षिक खर्चाच्या ३३ पट पुंजीचे उद्दिष्ट धरणे अधिक सावधपणाचे ठरेल.

आता पुंजीची वाढ किती धरावी? येथे व्याजाचा दर पाहून चालत नाही, महागाई वजा जाता उरणारा वास्तव परतावा पाहावा लागतो. १९६८ साली सुरू झालेल्या सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचेच उदाहरण घेऊ. एप्रिल २०२० पासून २०२५ अखेरपर्यंत त्याचा व्याजदर ७.१ टक्के होता. महागाई ४ टक्के राहिली तर वास्तव परतावा सुमारे ३ टक्के पडतो. ती ६ टक्क्यांवर गेली तर जेमतेम १ टक्का उरतो. दरवर्षी दीड लाख रुपये या दराने पंधरा वर्षे गुंतविले तर सुमारे ४० लाख ६८ हजार रुपये हाती येतात. परंतु ६ टक्के महागाईत त्या रकमेची खरेदीशक्ती आजच्या सुमारे १७ लाख रुपयांइतकीच असते. पासबुकातील आकडा आणि बाजारातील पिशवी यांच्यातील हे अंतर ज्याने ओळखले नाही, त्याचे उद्दिष्ट कागदावर पूर्ण होते आणि घरात अपुरे राहते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. करवजा जाता दरमहा एक लाख रुपये मिळविणारे एक कुटुंब आहे. सर्व हिशेब आजच्या भावाने आणि वास्तव परतावा ३ टक्के धरून केला आहे. हे कुटुंब दरमहा ७५ हजार खर्च करून २५ हजार शिल्लक टाकीत असेल, तर त्याचा वार्षिक खर्च ९ लाख आणि उद्दिष्ट २ कोटी ९७ लाख होते. ते गाठण्यास सुमारे ४७ वर्षे लागतात. म्हणजे पंचविशीत आरंभ केला तरी सत्तरी उलटते. हेच कुटुंब ५० हजारांत संसार चालवू शकले, तर उद्दिष्ट १ कोटी ९८ लाखांवर येते आणि सुमारे २३ वर्षांत पूर्ण होते. खर्च ३५ हजारांवर आणता आला तर १ कोटी ३८ लाख ६० हजारांचे उद्दिष्ट साडेचौदा वर्षांतच हाती येते. तिन्ही ठिकाणी मिळकत एकच आहे. बदलले आहे ते केवळ खर्चाचे प्रमाण.

हा फरक इतका मोठा का पडतो? कारण कमी केलेला प्रत्येक रुपया दोन ठिकाणी काम करतो. तो एकीकडे शिल्लक वाढवितो आणि दुसरीकडे गाठावयाचे उद्दिष्टच खाली आणतो. वाढलेल्या पगाराचे तसे नाही. पगाराबरोबर राहणीही वाढली तर शिल्लक थोडी वाढते खरी, पण उद्दिष्टही तितकेच पुढे सरकते. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण आपण काटकसरीच्या उपदेशासाठी वापरतो. येथे मात्र तिला गणिती अर्थ प्राप्त होतो.

तथापि या गणिताच्या सोयीस्करपणावर फार विसंबून राहू नये. वरील दुसऱ्या उदाहरणात वास्तव परतावा तीनऐवजी एक टक्का धरला, तर २३ वर्षांची मुदत सुमारे २९ वर्षांवर जाते; परतावा महागाईइतकाच मिळाला तर ३३ वर्षे लागतात. शेअर बाजारात दीर्घकाळात अधिक परतावा मिळण्याची शक्यता असते, पण तेथे परताव्याच्या क्रमालाही महत्त्व येते. निवृत्तीनंतर पहिल्याच दोन-तीन वर्षांत बाजार कोसळला आणि घरखर्चासाठी पडत्या भावाने शेअर विकावे लागले, तर पुढे बाजार सावरूनही पुंजी सावरत नाही. विकलेला शेअर परत वाढत नाही. म्हणून निवृत्तीच्या आरंभीच्या काही वर्षांचा खर्च स्थिर व्याजाच्या ठेवींत वेगळा ठेवणे इष्ट होय.

निवृत्तिवेतनाचा हिशेबही येथे नीट पाहिला पाहिजे. १ जानेवारी २००४ पूर्वी केंद्रीय सेवेत आलेल्या कर्मचाऱ्याला वीस वर्षांच्या सेवेनंतर स्वेच्छानिवृत्ती घेऊन निवृत्तिवेतन लगेच सुरू करता येत असे. त्या तारखेनंतर आलेल्यांची स्थिती वेगळी आहे. सैन्यदलांचा अपवाद वगळता त्यांना अंशदायी योजना लागू झाली. १ एप्रिल २०२५ पासून अमलात आलेल्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेत पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के रकमेचे आश्वासन आहे. परंतु स्वेच्छेने आधी निवृत्त होणाऱ्याला ती रक्कम त्याच्या नियत वयोमानाच्या तारखेपासूनच मिळू लागते. मधली वर्षे त्याने स्वतःच्या पुंजीवर काढावयाची असतात.

खासगी क्षेत्रात तर निवृत्तिवेतनाचा आधार फारच तोकडा असतो. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ अन्वये निवृत्तिवेतनपात्र वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागावयाचे, असे सूत्र आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये ठरलेली १५ हजार रुपयांची वेतनमर्यादा धरली, तर पंचवीस वर्षांच्या सेवेला दरमहा सुमारे ५,३५७ रुपये मिळतात. ही रक्कम ५८ व्या वर्षी मिळू लागते. पन्नाशीनंतर ती आधी घेता येते, पण अठ्ठावन्नाला कमी पडणाऱ्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के घट सोसावी लागते.

यावरून उद्दिष्टाचे दोन भाग करणे सोयीचे ठरते. समजा, वार्षिक खर्च ६ लाख असून साठाव्या वर्षापासून महागाईबरोबर वाढणारे ३ लाखांचे निवृत्तिवेतन मिळणार आहे, आणि निवृत्ती पन्नासाव्या वर्षी घ्यावयाची आहे. उरलेल्या ३ लाखांसाठी ३३ पट, म्हणजे ९९ लाखांची कायम पुंजी लागेल. आणि मधल्या दहा वर्षांच्या दरीवर पूल बांधण्यासाठी वर्षाला ३ लाख याप्रमाणे ३० लाखांची तात्पुरती पुंजी लागेल. एकूण उद्दिष्ट १ कोटी ९८ लाखांऐवजी १ कोटी २९ लाख होते. पूल आणि मुक्काम यांचा खर्च असा निरनिराळा मांडला, म्हणजे आवाक्याबाहेरचे वाटणारे उद्दिष्ट पुष्कळदा आवाक्यात येते.

आजारपणाचा विचार याहून निकडीचा आहे. नोकरी सुटताच बहुतेक ठिकाणी मालकाकडून मिळणारे आरोग्यविम्याचे छत्र नाहीसे होते. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेचा लाभ ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, देण्यात आला. परंतु पन्नाशी ते सत्तरी हा काळ त्यात येत नाही. या वीस वर्षांसाठी स्वतःचा विमा नोकरीत असतानाच, प्रकृती धडधाकट असताना घेतला पाहिजे, आणि त्याचा हप्ता वार्षिक खर्चात धरला पाहिजे.

येथवर आकड्यांचा विचार झाला. परंतु आकड्यांच्या आड दडलेला एक प्रश्न आहे आणि तो या सर्व विषयातील सर्वांत नाजूक प्रश्न होय. खर्च ७५ हजारांवरून ५० हजारांवर आला, असे आपण एका ओळीत लिहितो. पण तो कोणाच्या श्रमाने आला? स्वयंपाकाची बाई बंद केली, बाहेरचे खाणे थांबविले, आईच्या शुश्रूषेला माणूस ठेवण्याचे टाळले, तर वहीत बचत दिसते. प्रत्यक्षात ते काम घरातील कोणीतरी, बहुधा गृहिणी, करीत असते. तिच्या श्रमाची नोंद कोणत्याच रकान्यात होत नाही. पंधरा वर्षे अशी बचत करून नवरा पंचेचाळिसाव्या वर्षी मोकळा झाला आणि बायकोचे काम मात्र दुप्पट झाले, तर त्या घरात एकच माणूस निवृत्त झाला असे म्हणावे लागेल. किंबहुना, त्याची निवृत्ती तिच्या अनिवृत्तीवर उभी राहिली. मुलांचे शिक्षण किंवा आईवडिलांचे औषधपाणी पुढे ढकलून साधलेली शिल्लकही याच जातीची असते. ती बचत नसून, चुकते करावयाचे राहिलेले देणे असते.

म्हणून महत्त्वाकांक्षी उद्दिष्ट ठरविताना पहिली बैठक पती-पत्नींची व्हावी, हिशेबनिसाची नव्हे. कोणता खर्च दोघांनाही खरोखर नकोसा आहे आणि कोणता केवळ एकाने सोसावयाचा आहे, हे आधी ठरले पाहिजे. घराचा आकार, वाहन, समारंभांवरील खर्च यांसारख्या मोठ्या बाबींवरील एक निर्णय जे साधतो, ते भाजीबाजारातील वर्षभराच्या घासाघिशीने साधत नाही.

शेवटी मोजमापाविषयी एक सूचना करावीशी वाटते. पुंजी रुपयांत मोजण्याऐवजी वर्षांत मोजावी. सहा लाखांच्या वार्षिक खर्चावर सहा लाख शिल्लक म्हणजे एक वर्ष. साठ लाख म्हणजे दहा वर्षे. तेहतीस वर्षांचे अंतिम उद्दिष्ट सर्वांनाच गाठता येईल असे नाही. परंतु या मापाचा गुण असा की, वाटेतील प्रत्येक टप्प्यालाही मोल येते. एका वर्षाची शिल्लक असलेला माणूस अपमानकारक नोकरी सोडू शकतो. पाच वर्षांची असलेला नवे शिक्षण घेऊ शकतो. दहा वर्षांची असलेला कमी वेतनाचे पण मनाजोगे काम पत्करू शकतो. पूर्ण निवृत्ती साधली नाही म्हणून बचत वाया गेली, असे येथे होत नाही.

निवृत्तीचे वय अलीकडे आणण्याची आकांक्षा बाळगण्यात गैर काहीच नाही. गोखल्यांनी छत्तिसाव्या वर्षी नोकरी सोडली ती विश्रांतीसाठी नव्हे, हे मात्र विसरता येत नाही. किती पुंजी लागेल या प्रश्नाचे उत्तर गणित देते. मोकळ्या झालेल्या काळाचे करावयाचे काय आणि तो घरातील कोणाकोणाच्या वाट्याला येणार, या प्रश्नांची उत्तरे ज्याची त्यालाच द्यावी लागतात. ती उत्तरे आधी दिली, तर पुंजीचा आकडाही पुष्कळदा आपोआप स्पष्ट होतो.