स्क्रू कुठून, किती जाड, किती लांब

मागच्या लेखात छातीच्या एक्स-रेवरून क्षयाची शंका घेणारी यंत्रे पाहिली. तिथे यंत्राला क्षयाची शक्यता किती, एवढेच सांगायचे असते. आजचे काम, मणक्यात स्क्रू कुठून घालायचा हे यंत्राकडून आखून घेण्याचे, मिलिमीटरचे आहे. मणक्याचे ऑपरेशन म्हटले की फलटणच्या आसपासच्या घरांत आधी एकच शंका निघते: पाय लुळे पडले तर? ही भीती अगदीच खुळी नाही. मोडलेला किंवा सरकलेला मणका सांधताना वरच्या-खालच्या मणक्यांत स्क्रू बसवून ते सळीने जोडतात. स्क्रू जातो तो पेडिकलमधून, म्हणजे मणक्याची मागची कमान पुढच्या भरीव भागाला जोडणाऱ्या आखूड हाडातून. कमरेत हे हाड ऐसपैस असते. छातीच्या मधल्या मणक्यांत मात्र त्याची रुंदी कित्येकदा चार-पाच मिलिमीटरच भरते, आणि आतल्या भिंतीला लागूनच मज्जारज्जू. नुसत्या हाताने स्क्रू बसवणारा सर्जन हाडाच्या पाठीवरचे उंचवटे पाहून शिरतो आणि आतला टणकपणा हाताला जाणवेल तसा पुढे सरकतो.

मग अनुभवी हात पुरेसा नाही का? कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलमधील डॉ. एस. राजशेखरन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वाकड्या कण्यांच्या ऑपरेशनांत छातीच्या मणक्यांत बसवलेले ४७८ स्क्रू तपासले होते. संगणकाच्या वाटाड्याशिवाय, म्हणजे हत्यार हाडात कुठे आहे ते पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रणेशिवाय, बसवलेल्या स्क्रूंपैकी २३ टक्क्यांनी हाडाची भिंत ओलांडली होती, वाटाड्यासह बसवलेल्यांपैकी २ टक्क्यांनी. भिंत ओलांडली म्हणजे नस दुखावलीच असे नव्हे, आणि वाकडा कणा ही सर्वांत अवघड परीक्षा असल्याने हे आकडे रोजच्या कमरेच्या ऑपरेशनला जसेच्या तसे लावणे चूक ठरेल. पण एक गोष्ट त्यातून दिसते: हात तयार असला तरी आतले हाड आधी नीट कळले तर फरक पडतो. मशीन लर्निंग नेमके तेच काम उचलते. सीटी स्कॅनमधला प्रत्येक मणका वेगळा ओळखायचा, मग पेडिकलच्या मधून जाणारी, घट्ट हाडात जास्तीत जास्त पकड देणारी रेषा शोधायची आणि तिला साजेशी जाडी-लांबी सुचवायची. हाताने हेच करायला सर्जनला माउस घेऊन मणक्यामागून मणका आखत बसावे लागते.

यावर ठरलेला आक्षेप येतो, की आखलेल्या रेषेवर हत्यार धरून ठेवणारा रोबो नसेल तर या आखणीचे करायचे काय? मला हा आक्षेप उलटा वाटतो. रोबो महाग आहे, आखणी नाही. तिला सीटी स्कॅन आणि बरा संगणक पुरतो. फलटणच्या रुग्णाला साताऱ्याला, कराडला, मिरजेला किंवा पुण्याला जावे लागले, तरी स्कॅनची फाइल त्याच्या आधी पोहोचू शकते. साडेपाच मिलिमीटरचा स्क्रू या पेडिकलात मावणारच नाही, हे आदल्या दिवशी कळले तर तो मणका सोडून पुढच्याला धरता येतो. शिवाय त्याच रुग्णाच्या हाडावर चपखल बसेल असा मार्गदर्शक साचा थ्रीडी प्रिंटरवर काढता येतो. ड्रिल त्याच्या नळीतून जाते. साचा बसायला हाडावरचे मांस पूर्ण खरवडून काढावे लागते, हा त्याचा तोटा. पण रोबोच्या किमतीपुढे तो मोठा नव्हे.

खरा आक्षेप वेगळाच आहे. यंत्र कोणाच्या हाडांवर शिकले? म्युनिकच्या संशोधकांनी खुला केलेला 'व्हर्स' हा संग्रह ३७४ स्कॅनचा आहे. कमरेला पाचाऐवजी चार किंवा सहा मणके असलेली माणसेही त्यात आहेत, कारण मोजणीत एक मणका चुकला की पुढची सगळी आखणी, कितीही सुबक असली, तरी चुकीच्या मणक्यावर होते. आपल्याकडे त्यात मणक्याच्या क्षयाची भर. क्षयाने पोखरलेल्या मणक्याला यंत्राने शिकलेला आकारच उरलेला नसतो. भारतीयांची पेडिकल पाश्चात्त्यांपेक्षा अरुंद असल्याचीही मोजमापे झाली आहेत. यासाठी यंत्र नाकारण्याचे कारण नाही, ते इथल्या हाडांवर तपासण्याचे आहे. मिरज-कराडच्या वैद्यकीय महाविद्यालयांत असे ऑपरेशन झालेल्यांचे आधीचे आणि नंतरचे स्कॅन असतील, तर ओळख पुसून आधीचा यंत्राला द्यावा आणि त्याची रेषा नंतरच्या स्कॅनमधल्या स्क्रूशी ताडून पाहावी. यंत्राचा स्क्रू कुठे भिंतीबाहेर जातो आणि सर्जनचा कुठे गेला होता, हे शेजारी-शेजारी दिसेल. त्यासाठी एकाही रुग्णाला टेबलावर घ्यावे लागणार नाही.