दुभंगलेले ओठ सांधताना...

प्लास्टिक सर्जन डॉ. विल्यम मगी आणि त्यांच्या पत्नी कॅथलीन १९८२ मध्ये वैद्यकीय पथकासोबत फिलिपिन्समधील नागा शहरात गेले. दुभंगलेल्या ओठांच्या सुमारे ४० मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या. शेकडो कुटुंबांना मात्र निराश होऊन परतावे लागले. त्या अस्वस्थतेतूनच 'ऑपरेशन स्माइल' ही संस्था उभी राहिली.

अशा शिबिरात सर्जनइतकेच महत्त्व भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ व परिचारिकांना असते. रक्तक्षय वा छातीत संसर्ग असलेल्या मुलाला भूल देणे धोक्याचे ठरते. दूरवरून आलेल्या आई-वडिलांना 'आत्ता नाही' हे सांगण्याचे कठीण कामही स्वयंसेवकांनाच करावे लागते. टाळू सांधल्यावर अनेकदा दीर्घकाळ स्पीच थेरपी लागते. पाहुणे पथक मात्र काही दिवसांतच परतते. म्हणूनच मागे किती प्रशिक्षित स्थानिक हात उरले, हीच या सेवेची खरी कसोटी होय.