झाडाखाली जमीन आहे का?

वालचंदनगरच्या कॉलनीत वाढलेल्या माणसाला घेऊन फ्लॅट बघायला जाऊ नये, असं माझी बायको म्हणते. बिल्डरचा माणूस स्वयंपाकघरातला ओटा दाखवत असतो आणि मी खिडकीतून वाकून झाड शोधत असतो.

ही खोड इंदापूर तालुक्यातल्या उन्हानं लावली. पाऊस बेताचा, माळ उघडा. १९३०च्या दशकात शेठ वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर, नीरेच्या कालव्याच्या भरवशावर ऊस आणि साखर कारखाना उभा केला. त्याभोवती वसाहत वसली. आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं. त्यात सहा माणसं मावत, कारण निम्मा संसार बाहेर कडुलिंबाखाली चाले. धान्य निवडणं, अभ्यास, पाहुण्यांचा चहा, उन्हाळ्यात झोपणंसुद्धा. पुढचं-मागचं दार उघडलं की वारा आरपार.

'निसर्गस्नेही रचना' हा शब्द तेव्हा कुणी ऐकला नव्हता. आता तो प्रत्येक माहितीपत्रकात असतो. प्रत्यक्षात काय, तर लिफ्टशेजारी प्लॅस्टिकचा वेल, भिंतीवर पानांची नक्षी आणि 'पाय ठेवू नये' अशी पाटी लावलेली हिरवळ! ती हिरवळ बहुधा पार्किंगच्या स्लॅबवर असते. हात-दीड हात मातीत शोभेची झुडपं तगतात, कडुलिंब नाही. म्हणून फ्लॅट घेताना मी पहिला प्रश्न विचारतो : झाडाखाली जमीन आहे की मोटारी?

हा निव्वळ हळवेपणा नव्हे. रॉजर उलरिख या संशोधकानं १९८४ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या नोंदी तपासून निष्कर्ष मांडले. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, निम्म्यांना विटांची भिंत. झाडंवाले सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक जालीम औषधंही कमी लागली. ४६ म्हणजे काही फार नव्हेत. पण रुग्णालयात आठवडा काढायचा असतो, फ्लॅटमध्ये आयुष्य.

उंच इमारतीत हे जमतच नाही, असंही नाही. चार्ल्स कोरिया यांनी मुंबईत १९८३ साली पूर्ण झालेल्या 'कांचनजंगा' इमारतीत घरांच्या कोपऱ्यांना दोन मजले उंचीच्या गच्च्या दिल्या. जुन्या बंगल्यांचा व्हरांडा ऊन-पाऊस आधी अंगावर घेई, खोल्या मागे राहत, तीच युक्ती. घरं श्रीमंतांची, कल्पना मात्र कुणालाही परवडावी अशी.

आपण मध्यमवर्गीय काय करतो? ताबा मिळाला की आधी गॅलरी बंद करतो. सरकत्या काचा लावल्या की मुलाच्या अभ्यासाची सोय होते. नावं कुणाला ठेवणार? चौरस फुटाला हजारो रुपये मोजल्यावर चार फूट वाऱ्यासाठी सोडणं जिवावर येतं. मग ती खोली तापते, पंखा पुरेनासा होतो, एसी येतो. एसीसाठी उरलेली खिडकीही बंद.

आमच्या घरी हा वाद दोन वर्षं चालला आहे. निवृत्त झाल्यावर अण्णांनी क्वार्टर सोडलं, स्वतः लावलेला कडुलिंब तिथंच राहिला. आता पुण्यात दुसऱ्या मजल्यावर गॅलरीत त्यांची खुर्ची असते. समोर सोसायटीचं एकुलतं एक बकुळीचं झाड. काचा लावायला माणूस माप घ्यायला आला, तर अण्णा खुर्चीवरून उठले नाहीत. नात सध्या जेवणाच्या टेबलावर अभ्यास करते आणि रोज कुरकुरते.