दाभोळ : आधी करार, मग आयोग

गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलचा एन्रॉन कंपनीचा दाभोळ वीजप्रकल्प महाराष्ट्राच्या १९९५च्या विधानसभा निवडणुकीत गाजलेला. ऑगस्ट १९९५मध्ये नव्या शिवसेना-भाजप सरकारने तो रद्द केला आणि काही महिन्यांतच फेरवाटाघाटी करून पुन्हा स्वीकारला, तोही अधिक मोठ्या क्षमतेचा.

मूळ वीजखरेदी करार डिसेंबर १९९३चा, तर महाराष्ट्र वीज नियामक आयोग आला १९९९मध्ये. त्यामुळे ज्यांची जमीन गेली त्या शेतकऱ्यांना, खाडीतल्या मच्छीमारांना किंवा बिल भरणाऱ्या ग्राहकाला करारापूर्वी बोलायला आयोगाची जनसुनावणी नव्हती. ही उणीव फार महागात पडली. वीज न परवडल्याने राज्य वीज मंडळाने २००१मध्ये खरेदी थांबवली आणि प्रकल्प बंद पडला.

आता वीज कायदा २००३च्या कलम ६४नुसार दरप्रस्ताव प्रसिद्ध करावाच लागतो. लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊन आयोगाने १२० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. हरकत साधा घरगुती ग्राहकही नोंदवू शकतो. पुढच्या दरवाढीची जाहीर सूचना वर्तमानपत्रात दिसली की मुदत पाहा आणि आपली हरकत लेखी द्या.