चेहरा एकीचा, हात दुसरीचे!

प्री-वेडिंग शूट म्हणजे गाऊन, ड्रोन आणि सूर्यास्त... एवढंच असतं का? कपडे आणि लोकेशन ठरवता ठरवता आम्हाला भलताच प्रश्न सोडवावा लागला. त्याचीच ही गोष्ट. आणि हो, ज्यांचं ठरलंय त्यांच्यासाठी चार कामाच्या टिप्ससुद्धा!

'मग? प्री-वेडिंग कुठे?'

साखरपुड्यानंतर पहिल्यांदा ऑफिसात पाऊल टाकलं आणि पहिला प्रश्न हाच! लग्नाची तारीख, हॉल, जेवणाचा मेन्यू वगैरे सगळं नंतर. आमच्या फ्लोअरवर गेल्या वर्षभरात पाच लग्नं झाली आणि पाचही जोड्या लग्नाआधी कुठल्या ना कुठल्या तळ्याकाठी पाठमोऱ्या उभ्या राहून आल्या. मग आम्हीच का मागे राहायचं?

तर आमचा साखरपुडा नोव्हेंबरात, लग्न फेब्रुवारीत. म्हणजे शूटसाठी डिसेंबर. दोघंही आयटीवाले, त्यामुळे नवरोबांनी (म्हणजे तेव्हा व्हायचे होते अजून) लगेच एक्सेल शीट काढली. कॉलम एक, लोकेशन. कॉलम दोन, कपडे. कॉलम तीन, बजेट. चौथा कॉलम हवा होता हे आम्हाला नंतर कळलं.

स्वप्नातली लोकेशन्स

माझी पहिली पसंती कास पठार. फोटोग्राफर हसलाच. 'मॅडम, फुलं ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. डिसेंबरात तिथे वाळलेलं गवत मिळेल.' शिवाय २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात कासचा समावेश आहे. फुलांच्या गालिच्यात लोळण घेऊन फोटो काढायची ती जागाच नव्हे.

नवरोबांची पसंती शनिवारवाडा. पण तो केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात. मोबाइलवर सेल्फी काढणं वेगळं आणि ट्रायपॉड, लाइट, रिफ्लेक्टर घेऊन व्यावसायिक शूटिंग करणं वेगळं. त्यासाठी आधी रीतसर परवानगी लागते. पाताळेश्वरलाही हाच नियम. गेटवरून परत फिरलेली एक जोडी आमच्याच ऑफिसात आहे, शेरवानीसकट!

मग ड्रोनचं खूळ. पॅकेज ४५ हजारांचं, ड्रोनचे वरती ८ हजार. पण २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे भाग पाडलेत. पुण्यात लोहगावचा हवाई दलाचा तळ, खडकवासल्याला एनडीए. म्हणजे 'उडव रे जरा' असं म्हणून चालत नाही. ड्रोनवाल्याकडे कागदपत्रं आहेत का, हे आपणच विचारायचं. आम्ही ८ हजार वाचवले.

शेवटी ठरलं मेणवली. पुण्यापासून साधारण ९० किलोमीटर, वाईच्या अगदी जवळ. नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेचा दगडी घाट, मेणेश्वराचं देऊळ आणि चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसईच्या विजयाची आठवण सांगणारी ती प्रसिद्ध पोर्तुगीज घंटा. 'स्वदेस' पाहिलाय ना? २००४ सालच्या त्या सिनेमातलं गाव इथलंच. लोकेशन डन!

आणि मग अल्बम आला...

याच आठवड्यात साखरपुड्याचे फोटो आले. आमच्या ह्याच फोटोग्राफरने काढलेले. फॅमिली ग्रुपवर धडाधड पडले आणि अंगठ्यांचा पाऊस सुरू झाला. 'काय सुंदर दिसतेय!' 'किती उजळलीय!' 'साखरपुड्याचं तेज!'

मी मोठा करून पाहिला. तेज कसलं? माझा चेहरा दोन शेड गोरा केलेला. मानेपासून खाली मात्र मी जशी आहे तशीच. सावळी. अंगठी घालतानाच्या फोटोत तर चेहरा एकीचा आणि हात दुसरीचे!

आता थोडं मागे जाऊ. माझ्या बायोडेटात बाबांनी रंगापुढे 'गव्हाळ' लिहिलं होतं. मी गव्हाळ नाही. मी स्वच्छ सावळी आहे. पण 'सावळी' लिहिल्यावर येणारे फोन आणि 'गव्हाळ' लिहिल्यावर येणारे फोन यातला फरक बाबांनी दोन वर्षं मोजला होता. कांदेपोह्यांच्या तीन कार्यक्रमांनंतर 'पत्रिका जुळत नाही' असे निरोप आले. त्यातल्या एकांनी पत्रिका मागितलीच नव्हती! आमचं जमलं तेव्हा मला वाटलं, संपला हा विषय. आणि आता साखरपुड्याच्या अल्बममध्ये तो परत हजर.

त्यावर होणाऱ्या सासूबाईंचा मेसेज आला. 'छान आलेत. लग्नातले पण असेच करायला सांगा.' आणि त्याखाली नवरोबांचा अंगठा.

तो अंगठा मला रात्रभर दिसत होता.

मीटिंग नंबर दोन

शनिवारी बाणेरच्या एका कॉफी शॉपमध्ये कपड्यांची मीटिंग. मी घरून मोहरी रंगाची खणाची साडी घेऊन गेले होते. खण म्हणजे गुळेदगुड्डचा, खास काठाचा. फोटोग्राफर म्हणाला, 'मॅडम, हा कलर तुम्हाला नको. पेस्टल घ्या, बेबी पिंक वगैरे. स्किन जरा फेअर वाटते. बाकी मी एडिटिंगमध्ये बघून घेतो.'

मी नवरोबांकडे पाहिलं. ते कॉफीत साखर ढवळत होते. साखर घातलेलीच नव्हती.

गाडीत बसल्यावर मी विचारलंच. 'तुला माझा चेहरा बदललेला दिसला नाही?'

'दिसला.'

'मग अंगठा कशाला दिलास?'

'अगं, मला वाटलं तूच सांगितलं असशील त्याला. तुला आवडलं असेल.'

'मी? मी कशाला सांगू?'

मग बराच वेळ गप्प. सिग्नल लागला, सुटला. आणि मग साहेब हळूच म्हणाले, 'मी सांगितलं होतं. माझ्याबद्दल. केसांचं.'

मी फोन काढला, अल्बम उघडला. खरंच की! कपाळाच्या वर जिथे जिथे मैदान मोकळं होतं तिथे तिथे दाट हिरवळ! मी माझाच चेहरा बघत बसले होते, त्याच्या डोक्याकडे लक्षच गेलं नव्हतं. आधी मला हसू फुटलं. मग त्याला. मग मला रडू आलं. तो म्हणाला, 'तुला तीन जणांनी नाही म्हटलं ना? मला चौघींनी. एकीने तर व्हिडिओ कॉलवर टोपी काढायला सांगितली होती.'

औंधच्या पुलावर, संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये ठरलं. रंग आणि केस, दोन्ही आहेत तसे! चौथा कॉलम भरला. एडिटिंग, शून्य.

फोटोग्राफरशी तो बोलला. त्याच्या आईशीही तोच बोलला. काय बोलला ते मी विचारलं नाही. पण ग्रुपवर दोन दिवस सामसूम होती आणि मला जाम टेन्शन आलं होतं, हे खरं.

रंगाचा फंडा

त्या दोन दिवसांत मी भरपूर वाचलं. गंमत बघा, गोऱ्या चेहऱ्याचं हे खूळ कॅमेऱ्याच्या इतिहासातही आहे. फिल्मच्या जमान्यात लॅबमध्ये रंग जुळवण्यासाठी 'शर्ली कार्ड' वापरायचे. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो. तिची त्वचा नीट दिसली की रंग बरोबर! बाकीच्यांचं काय व्हायचं ते व्हायचं. आपल्याकडे १९७५ साली आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने २०२० मध्ये नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' केलं. ट्यूबवरचा शब्द बदलला, ग्रुपवरचा 'उजळलीय' काही बदलला नाही.

पण सावळ्या रंगाचे फोटो नीट येतात, फक्त थोडी अक्कल लागते. कॅमेरा बिचारा समोरचं सगळं सरासरीने मध्यम करडं आहे असं धरून चालतो. शेजारी पांढराशुभ्र शर्ट उभा राहिला की तो उजेड कमी करतो आणि सावळा चेहरा आणखी काळवंडतो. म्हणून नवरोबांचा पांढरा शर्ट बाद, फिकट बदामी कुर्ता इन. मोहरी, मरून, राणी, मोरपंखी... हे रंग सावळ्या त्वचेवर खुलतात. फिकट गुलाबीत मी आजारी दिसते, हे आईने मला शाळेतच सांगितलं होतं!

मेणवली, सकाळी सात

पुण्यातून पहाटे साडेचारला निघालो. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि त्यानंतरचा तासभर उजेड मऊ, तिरपा असतो. दुपारचं डोक्यावरचं ऊन म्हणजे डोळ्यांखाली काळ्या सावल्या. घाटाच्या पायऱ्यांवर दव होतं, माझी कोल्हापुरी दोनदा सटकली. शेवटी अनवाणीच चालले. तेच फोटो सगळ्यात भारी आलेत.

घाटावर कपडे धुणाऱ्या एका मावशींनी माझी मोहरी साडी पाहिली आणि ओरडल्या, 'अगं बाई, हळद लागायच्या आधीच पिवळी झालीस की!' मी खळखळून हसले आणि फोटोग्राफरने नेमकं तेव्हाच क्लिक केलं. पोझ देऊन असं हसू येत नाही राव!

फोटो आले. मी सावळी, नवरोबा विरळ, मागे कृष्णा. ग्रुपवर टाकायला हात धजावेना. शेवटी मी फोटो घेऊन थेट त्यांच्या घरीच गेले.

काकूंनी चष्मा लावला. एकेक फोटो पाहिला. तो हसण्याचा फोटो आला आणि त्या थांबल्या. काही न बोलता आत गेल्या. मला वाटलं, झालं! पण परत आल्या त्या कपाटातला जुना अल्बम घेऊन. लग्नातला त्यांचा फोटो. मुंडावळ्यांच्या मागे पांढराफटक चेहरा.

'फोटोवाल्याने इतकी पावडर थापायला लावली होती,' त्या म्हणाल्या. 'या अल्बमात मी मलाच सापडत नाही बघ.'

काकूही सावळ्या आहेत. इतक्या महिन्यांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं! की त्यांनी येऊ दिलं नव्हतं?

लग्नाच्या हॉलमध्ये दारातच मोठा फोटो लावला होता. मोहरी साडी, अनवाणी पाय. कुठला लावायचा ते काकूंनी ठरवलं.

तुमचं ठरलंय? मग हे लक्षात ठेवा!

* एडिटिंग किती आणि कशाचं, हे बुकिंगच्या वेळीच लेखी ठरवा. त्वचेचा रंग बदलायचा नाही, असं स्पष्ट लिहा.

* दोघांचे कपडे एकाच रंगाचे नकोत, बँडवाले वाटता. एकाच घराण्यातले रंग घ्या. एकाचा कपडा नक्षीचा असेल तर दुसऱ्याचा साधा.

* बारीक चौकडी, बारीक रेघा टाळा. फोटोत त्या लाटांसारख्या नाचतात.

* आउटफिट दोनच, फार तर तीन. तळ्याकाठी चेंजिंग रूम नसते. पाच हजार भाड्याचा गाऊन मागच्या सीटवर बसून घालून बघा एकदा!

* पिशवीत सेफ्टी पिना, जादा नाडा, टिकल्या, पाणी, टॉवेल आणि साध्या चपला हव्यातच.

* लोकेशनवर आधी एकदा नुसतं फिरून या, तेही शूटच्याच वेळेला. परवानगी कोणाची लागते ते तिथेच विचारा. गावातल्या लोकांना नमस्कार करा, त्यांच्या घाटावर आपण पाहुणे असतो.

* आणि शेवटचं. एक्सेल शीट उघडण्याआधी एकमेकांना विचारा, 'फोटोत तुला स्वतःचं काय लपवायचंय?' उत्तर ऐकून घ्या. आम्हाला ते औंधच्या पुलावर कळलं. तुम्ही जरा आधी विचारा!