दारातून गळते पाणी, धोका पायाखाली

वॉशिंग मशीनच्या दारातून पाणी ठिबकू लागले, की बहुतेक घरांतला पहिला उपाय ठरलेला असतो. दाराखाली एक जुने फडके किंवा पायपुसणे टाकले जाते. मशीन चालते, कपडे धुऊन निघतात आणि मेकॅनिकला बोलावणे पुढच्या रविवारवर जाते. असे चार-सहा महिने सहज निघून जातात. गळणारे पाणी फार तर तांब्याभर असते, त्यामुळे कुणालाच घाई वाटत नाही. मात्र त्या ओल्या फरशीवर दिवसभरात कोण कोण अनवाणी उभे राहते आणि मशीनचे अर्थिंग चालू आहे का, हे प्रश्न विचारले की दुरुस्तीचा विषय आरोग्याचा होतो.

दारातून पाणी का येते?

पुढून दार उघडणाऱ्या, म्हणजे फ्रंट लोड मशीनमध्ये कपड्यांचा ड्रम एका मोठ्या टबमध्ये फिरतो. हा टब स्प्रिंगवर टांगलेला असल्याने सतत हलत असतो, तर मशीनची पुढची बाजू स्थिर असते. या दोहोंना जोडते ती दाराच्या तोंडाशी दिसणारी जाड, घडीची रबर रिंग. तिलाच मेकॅनिक गॅस्केट म्हणतात. दार बंद केले की दाराची फुगीर काच या रबरावर घट्ट बसते आणि पाणी आत राहते.

धुलाईच्या वेळी आतल्या पाण्याची पातळी सहसा दाराच्या कडेच्या खालीच असते. दारापर्यंत येते ते उडालेले पाणी किंवा चढलेला फेस. म्हणूनच दारातली गळती बहुतेकदा छोट्या कारणाने होते. पाणी नेमके कधी गळते हे पाहिले, तर कारणाचा अंदाज घरबसल्या येतो.

मशीन पाणी भरत असतानाच गळत असेल, तर रबराच्या कडेवर किंवा काचेवर काहीतरी चिकटलेले असण्याची शक्यता जास्त. केस, दोरे, साबणाचा थर किंवा बोअरवेलच्या पाण्यातल्या क्षारांचा पांढरा खरखरीत लेप, यांपैकी काहीही काच आणि रबर यांच्यात फट पाडू शकते. काचेवर पाण्याची पातळी नेहमीपेक्षा खूप वर दिसत असेल, तर मात्र पाणी थांबवणारा व्हॉल्व्ह किंवा पातळी मोजणारा भाग बिघडलेला असू शकतो. ते काम मेकॅनिकचेच.

धुलाईच्या मध्यात फेस बाहेर येत असेल, तर पावडर जास्त झाली आहे किंवा चुकीची आहे. बादलीत कपडे भिजवण्याच्या पावडरला भरपूर फेस येतो. फ्रंट लोडसाठीची पावडर मुद्दाम कमी फेसाची बनवलेली असते. पिळण्याच्या वेळी, म्हणजे ड्रम जोरात फिरताना पाणी येत असेल, तर रबराला चीर पडली आहे का, कपडे कोंबून भरले आहेत का आणि मशीन समतल उभे आहे का, हे पाहावे. खिशातली नाणी, टाचण्या आणि ब्राच्या तारा या रबराच्या मोठ्या शत्रू. रबराच्या घडीत खालच्या बाजूला पाणी परत टबमध्ये जाण्यासाठी लहान छिद्रे असतात. त्यांत बाळाचा मोजा किंवा दोऱ्यांचा गोळा अडकला, तरी तिथे पाणी साचते आणि दार उघडताच ओघळते.

एमसीबी सगळे पाहत नाही

खरा धोका मात्र पाणी फरशीवर आल्यानंतर सुरू होतो. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० आवर्तने पूर्ण करणारी असते. कोरड्या त्वचेचा विजेला होणारा विरोध बराच असतो. त्वचा ओली झाली की तो झपाट्याने घसरतो आणि शरीराचा एकूण विरोध साधारण एक हजार ओहमपर्यंत खाली येऊ शकतो. गणित सोपे आहे. २३० व्होल्टला एक हजाराने भागले की उत्तर येते ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर. छातीतून ५० ते १०० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह सेकंद-दोन सेकंद वाहिला, तरी हृदयाची लय बिघडू शकते.

लय बिघडते म्हणजे नेमके काय होते? हृदयाचे स्नायू एका तालात आकुंचन पावण्याऐवजी वेगवेगळे थरथरू लागतात. हृदय हलत असते, पण रक्त पुढे ढकलले जात नाही. काही सेकंदांत माणूस बेशुद्ध पडतो. १८९९ मध्ये जिनिव्हातील प्रेव्हो आणि बातेली या शास्त्रज्ञांनी प्राण्यांवरील प्रयोगांत दाखवले होते, की विजेचा लहान धक्का हृदयाला अशी थरथर आणतो आणि योग्य मोठा धक्का ती थांबवतो. आजच्या रुग्णालयांतले डिफिब्रिलेटर याच दुसऱ्या निरीक्षणावर उभे आहे.

'एमसीबी आहे, तो पडेल' असा अनेकांचा समज असतो. मशीनच्या लाइनवरचा एमसीबी सहसा १६ अँपिअरचा असतो. शरीरातून जाणारा पाव अँपिअर प्रवाह त्याच्या खिजगणतीतही नसतो. तो वायरी जळू नयेत म्हणून बसवलेला असतो. माणसाला वाचवण्याचे काम दोन गोष्टी करतात, अर्थिंग आणि आरसीसीबी.

मशीनच्या पत्र्याला आतून वायर चिकटली, तर चांगल्या अर्थिंगमुळे वीज सोप्या वाटेने जमिनीत जाते. तो प्रवाह इतका मोठा असतो, की एमसीबी लगेच पडतो. तीन पिनांच्या प्लगमधली वरची पिन याचसाठी जाड आणि लांब केलेली असते. प्लग घालताना ती सर्वांत आधी जोडली जाते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. दोन पिनांच्या एक्स्टेन्शनवर मशीन चालवले, की हे संरक्षण संपते.

मशीनला हात लावला की बोटांना झिणझिण्या येतात, अशी तक्रार अनेक घरांत असते. 'थोडा करंट मारते, पण चालते' म्हणून ती सोडूनही दिली जाते. आधुनिक मशीनमध्ये विजेतला गोंगाट गाळणारे छोटे भाग असतात आणि त्यांतून अगदी किंचित प्रवाह पत्र्यावर येतो. अर्थिंग चालू असेल तर तो जमिनीत जातो आणि जाणवतही नाही. तो बोटांना जाणवतो, याचा अर्थ अर्थिंग तुटले असण्याची दाट शक्यता आहे. त्या झिणझिण्यांनी सहसा कुणी दगावत नाही. पण ज्या दिवशी गळते पाणी आतल्या वायरीवर जाईल किंवा हीटर खराब होईल, त्या दिवशी त्याच पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट असतील आणि समोर उभ्या माणसाचे पाय ओले असतील.

आरसीसीबी जाणारा आणि परत येणारा प्रवाह सतत ताडून पाहतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढी वीज दुसऱ्याच वाटेने, कदाचित माणसातून, जाऊ लागली, की तो सेकंदाच्या एका अंशात लाइन तोडतो. अमेरिकेतील बर्कलीच्या विद्यापीठातले चार्ल्स डॅल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर सौम्य प्रवाहाचे प्रयोग करून, किती विजेपर्यंत माणूस पकडलेली वस्तू सोडू शकतो, हे मोजले. पुरुषांत तो आकडा सरासरी १६ आणि स्त्रियांत साधारण साडेदहा मिलिअँपिअर आला. त्यापुढे हाताचे स्नायू आवळले जातात आणि वस्तू सुटत नाही. याच अभ्यासातून १९६१ मध्ये त्यांनी आरसीसीबीच्याच तत्त्वावर चालणारे सुरक्षा उपकरण तयार केले. आपल्याकडे नव्या इमारतींत आरसीसीबी आढळतो, अनेक जुन्या घरांत तो नसतो. असेल तर त्यावरचे 'टी' अक्षराचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. लाइन लगेच तुटली पाहिजे.

घसरणे आणि बुरशी

विजेचा अपघात क्वचित घडतो, घसरून पडण्याचा वरचेवर. साबणाचे पाणी गुळगुळीत फरशीवर पसरले की ते दिसतही नाही. तरुण माणूस सावरतो. सत्तरीतल्या, हाडे ठिसूळ झालेल्या आजीच्या खुब्याचे हाड मात्र अशा एका पडण्याने मोडू शकते. त्यानंतर शस्त्रक्रिया, अंथरूण आणि दुसऱ्यावर अवलंबून राहणे ओघाने येते. दाराखालचे ओले फडकेही पायात अडकते, म्हणजे उपायच अपघाताचे कारण ठरतो. घरकामाला येणाऱ्या मावशींनाही मशीन गळते हे सांगितलेले असावे. त्या फरशीवर सर्वांत जास्त वेळ बहुधा त्याच अनवाणी वावरतात.

तिसरी बाब रबराच्या घडीतली. ओल, साबणाचा थर आणि कपड्यांचा मळ एकत्र आला, की तिथे जिवाणू आणि बुरशी चिकट थर करून राहतात. रबरावरचे काळे ठिपके हे त्याचेच दृश्य रूप. धुतलेल्या कपड्यांना येणाऱ्या कुबट वासामागे मोराक्सेला ऑस्लोएन्सिस हा जिवाणू असल्याचे जपानमधील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले.

जर्मनीतील एका बालरुग्णालयात २०१२-१३ मध्ये नवजात बाळांच्या अंगावर अनेक प्रतिजैविकांना न जुमानणारा क्लेबसिएला ऑक्सिटोका हा जिवाणू वारंवार सापडू लागला. शोध घेता घेता बॉन विद्यापीठाचे संशोधक एका घरगुती पद्धतीच्या वॉशिंग मशीनपाशी पोहोचले. बाळांच्या विणलेल्या टोप्या आणि मोजे त्यात धुतले जात होते आणि तोच जिवाणू पावडरच्या कप्प्यात आणि दाराच्या रबरात होता. मशीन तिथून हलवल्यावर प्रसार थांबला. बाळांना त्यामुळे गंभीर आजार झाला नाही. निरोगी कुटुंबाने यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र घरात नवजात बाळ, कर्करोगाचे उपचार घेणारा रुग्ण किंवा वाहती जखम असलेली व्यक्ती असेल, तर रबर स्वच्छ ठेवणे, सोसणारे कपडे ६० अंश तापमानावर धुणे आणि ते पूर्ण वाळवणे याला महत्त्व आहे. दम्याच्या रुग्णाने बुरशी घासण्याचे काम दुसऱ्या कुणाला द्यावे.

पाणी दिसले, तर क्रम असा

आधी वीज, मग पाणी, मग रबर. साचलेल्या पाण्यात पाय न ठेवता स्विच बंद करता आला, तर करावा. नाही तर मुख्य बोर्डावरून लाइन बंद करावी. त्यानंतर कोरड्या हातांनी प्लग काढावा आणि मशीनचा नळ बंद करावा. दार जोर लावून उघडू नये. आत पाणी असते आणि गरम पाण्याची धुलाई चालू असेल तर ते भाजू शकते. ते निवल्यावर खालच्या फिल्टरजवळच्या नळीतून काढावे. फरशी पूर्ण कोरडी करूनच रबर तपासावे. रबराची घडी बोटांनी उलटून केस, नाणी काढावीत आणि काच व रबर सौम्य साबणाच्या ओल्या फडक्याने पुसावेत. ब्लीच आणि टॉयलेट साफ करण्याचे आम्ल कधीही एकत्र वापरू नयेत. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. रबराला चीर असेल तर लेप लावून ती टिकत नाही, कारण हे रबर प्रत्येक फेरीत वाकते. ते बदलूनच घ्यावे. मेकॅनिक येईल त्याच आठवड्यात इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्यावे.

कुणी विजेला चिकटले असेल, तर त्याला हात लावू नये. आधी लाइन बंद करावी. ते शक्य नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला दूर करावे. माणूस प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर १०८ला फोन लावून लगेच छातीच्या मध्यभागी दाब द्यायला सुरुवात करावी. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत. धक्क्यानंतर चक्कर, धडधड, छातीत दुखणे किंवा भाजल्याची खूण असेल, किंवा ती स्त्री गरोदर असेल, तर बरे वाटत असले तरी रुग्णालयात जाऊन ईसीजी काढावा.

रोजची सवय छोटीच आहे. शेवटची धुलाई झाली की रबराच्या घडीतले पाणी टिपून घ्यावे, स्विच बंद करावा आणि दार बोटभर उघडे ठेवावे. घरात रांगणारे मूल असेल तर ते ड्रममध्ये शिरणार नाही याची काळजी घ्यावी. आणि दाराखाली फडके टाकण्याची वेळ आलीच, तर ते त्या एका दिवसापुरते असावे.